खंड्यानं माईक घेतला त्याची गोष्ट

एका जंगलात एक नदी होती. तिच्यात पाणी वाहायचं. पण बाळांनो, त्या जंगलात पाण्यापेक्षा जास्त व्हिडिओ वाहत होते.

ते असं झालं. माणसं जंगलात सहलीला यायची, जेवायची, भांडायची आणि जाताना मोबाईल विसरून जायची. हळूहळू प्रत्येक बिळात, ढोलीत आणि घरट्यात एकेक मोबाईल झाला. मग बगळा एका पायावर उभा राहून योगासनं शिकवू लागला. वानरीण पाल्याच्या पाककृती दाखवू लागली. अस्वल मध चाटत राज्यकारभारावर सडकून टीका करू लागलं. मध संपला की टीका थांबायची, आणि मध राजवाड्यातून यायचा.

खुद्द वाघमहाराज दर पौर्णिमेला प्रजेला संदेश देऊ लागले. पूर्वी ते शिकार करायचे. प्रजेला दोन्हींत फारसा फरक वाटला नाही.

याच जंगलात एक खंड्या राहायचा. निळ्या पाठीचा, लांब चोचीचा, पाण्याकडे एकटक बघत बसणारा पक्षी तुम्ही पाहिला असेल. हा खंड्या मासे बघता बघता बाकीचंही बघायचा आणि बघितलेलं सांगायचा. पाणवठ्यात मेलेलं जनावर कोणी टाकलं, हरणांच्या कुरणावर कोणाचे रेडे चरतात, हे सगळं. अशा बातम्या देणाऱ्याला जंगलात मान होता असं नाही. लोकांना त्याची सवय होती. सर्दीची असते तशी.

त्याचं घर नदीच्या काठात होतं. काठाची उभी कड कोरून त्यानं आणि त्याच्या बायकोनं, निळीनं, हातभर लांब बोगदा केला होता. बोगद्याच्या टोकाला चार पांढरी, गोल अंडी होती. निळी ती उबवत होती. खंड्या बाहेर जगाची काळजी करत होता. दोघांची पाळी बदलायची तेव्हा निळी म्हणायची, "अहो, जगाचं मी बघते जरा. तुम्ही आत बसा."

आता गोष्टीत मुसंडे येतात. मुसंडे हे एक रानडुक्कर होते आणि कंत्राटदार होते. राजवाड्यानं त्यांना नदीच्या डोहातला गाळ काढायचा परवाना दिला होता. आता गाळ डोहात असतो हे तुम्हालाही कळतं. मुसंड्यांनाही कळत होतं. पण गाळाला गिऱ्हाईक नसतं. पलीकडच्या जंगलात सिंहाच्या नव्या राजवाड्याचं बांधकाम चालू होतं, त्याला वाळू हवी होती, आणि वाळू काठात होती. म्हणून मुसंड्यांची टोळी रोज सकाळी डोहाला नमस्कार करायची आणि काठ उकरायला लागायची.

काठ रोज थोडा थोडा खाली येत होता. खंड्याचा बोगदा त्याच काठात होता.

खंड्यानं मोबाईल उंबराच्या फांदीला अडकवला, समोरच्या दगडावर बसला आणि बातमी दिली. परवाना गाळाचा आहे, उपसा वाळूचा चालू आहे. काठ पडला की डोह बुजेल. डोह बुजला की उन्हाळ्यात सगळ्यांच्या जिभा बाहेर येतील, महाराजांचीसुद्धा. त्यानं पुरावे दाखवले, परवाना वाचून दाखवला, उकरलेला काठ दाखवला. मग कमेंट वाचायला बसला.

"आवाज येत नाही."

"दादा, नुसता वारा ऐकू येतोय."

"बातमी चांगली असावी. चोच जोरात हलत होती."

खंड्यानं दुसरा व्हिडिओ केला. या वेळी तो घसा फाडून बोलला. लोकांनी लिहिलं, कान फुटले. तिसऱ्यात तो मोबाईलजवळ सरकला, तर नुसती चोच दिसू लागली. लोकांनी लिहिलं, भीती वाटली. चौथ्यावर अस्वलानं मोठी कमेंट लिहिली. आशय महत्त्वाचा खराच, पण आवाज हा आशयाचा श्वास असतो, ज्याला आवाज सांभाळता येत नाही त्यानं काठ सांभाळायच्या गोष्टी करू नयेत. अस्वलाच्या कमेंटला बातमीपेक्षा जास्त लाइक पडले.

तोवर काठ आणखी खाली आला होता.

"माईक घ्या," निळी म्हणाली. "यांना पाण्याची काळजी नाही, कानाची आहे. तर कानाचं बघा आधी."

जंगलात माईकचं सगळं ज्ञान पिसारे सरांकडे होतं. सर जातीनं मोर. 'सर्वोत्तम दहा माईक' ही त्यांची मालिका प्रत्येक घरट्यात बघितली जायची. एक गोष्ट मात्र कोणाच्या लक्षात आली नव्हती. सर स्वतः व्हिडिओत कधी बोलायचे नाहीत. पिसारा फुलवायचे, खाली अक्षरं सरकायची आणि मागे बासरी वाजायची. मोराचा आवाज कसा असतो हे ज्यानं ऐकलंय त्याला कारण सांगायला नको.

खंड्या सरांकडे गेला आणि आपली अडचण सांगितली. नदीकाठ आहे, वारा असतो, घाई आहे, ऐपत बेताची.

सरांनी पिसाऱ्यातलं एक पीस सारखं केलं. "बजेट सोडा. मला आधी सांगा, तुमच्या आवाजाचं व्यक्तिमत्त्व काय आहे?"

"माझा काठ पडतोय सर."

"म्हणजे गंभीर," सर म्हणाले आणि त्यांनी एक दुधी भोपळ्याएवढा माईक काढला. त्याला स्टँड होता, जाळी होती, शिवाय त्याच्या खोक्यालाही एक खोकं होतं. किंमत वर्षभराचे मासे. खंड्याचा चेहरा पाहून सरांनी तो एका दिवसासाठी वापरून बघायला दिला. वर सांगितलं की यात सूक्ष्मातला सूक्ष्म आवाज येतो.

सर खोटं बोलले नव्हते. खंड्यानं तो माईक उंबराखाली लावला आणि समोरच्या दगडावरून पाचवा व्हिडिओ केला. त्यात सगळं आलं. रातकिडे आले, बेडकाचं पोट बिघडलेलं आलं, पलीकडच्या काठावर दोन सांबरांचं लग्न मोडलं ते शब्द न् शब्द आलं. खंड्या तेवढा लांबून कुठून तरी बोलत होता. त्या व्हिडिओनंतर सांबरांच्या दोन्ही घरांनी त्याला शिव्या घातल्या.

निळीनं व्हिडिओ बघितला. तिला हसू आलं, पण अंड्यांवरून हलता येत नव्हतं म्हणून ती बेतानं हसली. "अहो, बोगद्यात मी तुमच्या कानाशी बोलते, तेव्हा कधी ओरडावं लागतं का? आणि तुम्ही ही तोफ घेऊन दूर उभे. तोंडाजवळ बसेल असं काहीतरी बघा. लहान का असेना."

तसलं लहान काहीतरी घारूआक्काकडे मिळायचं. घारूआक्का ही घार वठलेल्या अर्जुनावर दुकान मांडून बसायची. माल सगळा झडप घालून आणलेला. गॉगल, पापडाची पाकिटं, एका बाईचा केसांचा अर्धा टोप. घासाघीस करणाऱ्यावर ती नुसतीच नजर रोखायची आणि घासाघीस संपायची.

तिनं आधी बिनतारी माईक दाखवला. "हा घे. जंगलातली तरणी पोरं हाच घेतात."

"पाण्यावरून गेलो तर चालेल?"

"चालेल. तू चालशील. आवाजाचं सांगत नाही."

मग तिनं एक तारेचा कॉलर माईक बाहेर काढला. वाटाण्याएवढा. चिमटा मोडलेला. किंमत चार मासे, त्यातला एक मोठा. खंड्या कचरला. एवढ्याशा वाटाण्यानं काय होणार, असं त्याच्या तोंडावर दिसलं असावं.

"पिसाऱ्याकडून आलास ना?" घारूआक्का म्हणाली. "त्याचे व्हिडिओ बघितलेले सगळे असंच तोंड करतात. बांध गळ्यात. नाही चालला तर आणू नको. मी परत घेत नाही."

खंड्यानं माईक गळ्यातल्या पांढऱ्या पिसांत अडकवला. आवाज जवळ आला, पण वारा होताच. वाऱ्याची झुळूक आली की माईकमध्ये कोणीतरी गोणपाट ओढतंय असं वाटायचं. तेव्हा निळीनं अंथरुणातला सावरीचा कापूस काढला, वाटाण्याभोवती गुंडाळला आणि गवताच्या काडीनं बांधला. वारा बाहेर राहिला. शब्द आत आले.

बाळांनो, इथपर्यंतची गोष्ट खरोखर उपयोगाची आहे. माईक स्वस्त असला तरी चालतो. तोंडाजवळ असावा आणि वाऱ्यासाठी त्याला अंगरखा घालावा. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी आता झोपायला हरकत नाही. बाकीच्यांनी जागं राहावं, कारण पुढे सगळं जंगल झोपणार आहे.

खंड्यानं सहावा व्हिडिओ केला. परवाना गाळाचा, उपसा वाळूचा. एक एक शब्द असा आला की जणू तो ऐकणाऱ्याच्या खांद्यावर बसून बोलतोय. तो बोलायचा थांबला तेव्हा मागे मुसंड्यांच्या टोळीचा आवाजही स्वच्छ आला. वाळूत मुसकट घुसतंय, वाळू सरसरत खाली येतेय, सर्र, सर्र, सर्र.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ जंगलभर गेला. खंड्यानं आयुष्यात एवढ्या कमेंट पाहिल्या नव्हत्या. तो निळीला वाचून दाखवू लागला.

"वा! आवाज किती स्वच्छ. माईक कोणता?"

"लिंक द्या."

"तो कापूस कुठला? सावर की कपाशी?"

"दादा, बोलणं थोडं कमी करा. मागचा सर्र आवाज ऐकून माझी पिल्लं झोपली."

खंड्या तिथे थांबला. पण कमेंट थांबल्या नाहीत. ससिणीनं लिहिलं, तिच्या सासूला कित्येक दिवसांनी झोप लागली. बगळ्यानं तो आवाज शवासनाला लावला. अस्वलानं लिहिलं की आशयाला अखेर श्वास सापडला, आणि लिहिता लिहिता त्याला झोप लागली असावी, कारण वाक्य अर्धं होतं. पिसारे सरांनी 'खंड्याचा माईक : चार माशांत कमाल' असा व्हिडिओ काढला. त्यात माईक दिसला, कापूस दिसला. काठ दिसू नये म्हणून मागे पडदा लावला होता.

काठ पडतोय का, असं एकानंही विचारलं नाही.

खंड्याला राजवाड्यावरून बोलावणं आलं. त्याला वाटलं, झालं काम. कागदपत्रं घेऊन तो गेला. वाघमहाराज वामकुक्षी आटोपून नुकतेच उठले होते आणि प्रसन्न होते. त्यांनी खंड्याला जवळच्या फांदीवर बसवलं.

महाराज म्हणाले, "तुझी बातमी आम्ही रोज ऐकतो. जेवण झालं की लावतो."

"मग महाराज, काठाचं काय करायचं?"

"कुठल्या काठाचं?"

खंड्यानं पहिल्यापासून सांगितलं. महाराजांनी लक्ष देऊन ऐकलं. ऐकता ऐकता त्यांच्या पापण्या जड झाल्या. "आवाज चांगलाय तुझा," ते म्हणाले आणि पंजावर हनुवटी टेकून झोपी गेले. दारातल्या मुंगसानं खंड्याच्या गळ्यात 'ध्वनिभूषण' नावाची माळ घातली आणि आवाज न करता जायला सांगितलं.

परत येताना वाटेत मुसंडे भेटले. त्यांच्या मुसकटाला ओली वाळू होती.

"खंडेराव, तुमचे उपकार आहेत," मुसंडे म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हे खंड्याला जास्त लागलं. "आधी मी चोरून सकाळचा उपसा करायचो. आता लोक म्हणतात, दुपारीही करा, झोपेची वेळ असते. राजवाड्यातूनही निरोप आलाय. उद्यापासून तुमच्या दगडाजवळच काम लावतो. माईकला बरं पडेल."

"तिथे माझं घर आहे."

"लोकांची मागणी आहे हो. माझा नाइलाज आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी टोळी खंड्याच्या दगडापाशी आली. खंड्या गळ्यात माईक घालून समोर उभा राहिला आणि जे घडत होतं ते जसंच्या तसं सांगत राहिला. तेवढं एकच त्याला येत होतं. काठाचा एक मोठा तुकडा सुटला. बोगद्याचं तोंड उघडं पडलं. निळीनं पंख पसरून अंडी पोटाखाली ओढली. तीन आली. चौथं उतारावरून घरंगळत खाली आलं आणि दगडावर आपटलं.

टक्.

खंड्या बोलायचा थांबला. मुसंड्यांची टोळीही क्षणभर थांबली. मग पुन्हा सर्र, सर्र सुरू झालं.

त्या रात्री खंड्यानं मोबाईल उघडला. एवढं तरी लोकांना दिसलं असेल, असं त्याला वाटत होतं.

"शेवटचा तो टक् आवाज कसला? फार गोड. परत परत ऐकला."

"टक् ची रिंगटोन मिळेल का?"

"हे असं काहीतरी रोज टाकत जा दादा."

खंड्यानं कमेंट निळीला वाचून दाखवल्या नाहीत. पण निळीनं त्याचा चेहरा बघितला. तिनं चोचीनं गवताची काडी सोडली, माईकवरचा कापूस काढला आणि उरलेल्या तीन अंड्यांखाली नीट पसरला.

"तुमचा आवाज मूळचा कसा होता, आठवतं का?" ती म्हणाली. "लग्नाच्या आधी आमच्या झाडावर येऊन ओरडायचात. आमच्या आईला दोन दिवस घास गेला नव्हता."

खंड्याला आठवलं. आता तुम्हीही कधी तरी खंड्याचा खरा आवाज ऐका. पत्र्यावर खिळा ओढत कोणीतरी हसतंय असा असतो तो. तो माईकला सोसणारा आवाज नाही. खंड्यानं बातमीदार झाल्यावर तो सोडून दिला होता. सभ्य दिसत नाही म्हणून.

सकाळी खंड्यानं माईक बोगद्याच्या तोंडाशी खुंटीला टांगला आणि रिकाम्या गळ्यानं उडाला.

पिसारे सर नव्या माईकची चाचणी घेत होते. हा माईक आधीच्यापेक्षाही मोठा होता. सरांनी पिसारा फुलवला, बासरी सुरू झाली आणि मागच्या फांदीवरून खंड्या ओरडला, "किर्रर्र, कि, कि, कि! मुसंडे काठ खातोय!" सरांनी व्हिडिओ पुन्हा केला. खंड्या पुन्हा ओरडला. सरांनी जागा बदलली. खंड्यानंही बदलली. शेवटी सरांचा धीर सुटला आणि ते स्वतः ओरडले. तो आवाज चुकून तसाच प्रसारित झाला. जंगलाला सरांच्या आवाजाचं व्यक्तिमत्त्व कळलं.

मग खंड्या वानरिणीकडे गेला. पाला चिरताना, पाला भिजवताना, पाल्यावर पाला ठेवताना मागून "काठ खातोय!" येत राहिलं. बगळ्याच्या शवासनात सगळे शिष्य एकदम उठून बसले. अस्वल मधाचं बोट तोंडात घालणार तोच असा आवाज आला की बोट नाकात गेलं. आणि गंमत म्हणजे, पिसारे सरांच्या सल्ल्यानं सगळ्यांनी महागडे माईक घेतले होते. सूक्ष्मातला सूक्ष्म आवाज पकडणारे. खंड्याचा आवाज तर सूक्ष्म नव्हताच.

पौर्णिमा आली. वाघमहाराजांनी आयाळ नसतानाही आयाळ झटकल्यासारखी मान झटकली आणि म्हणाले, "प्रजाजनहो."

"कि, कि, कि! परवाना गाळाचा, उपसा वाळूचा!"

"आपल्या राज्यात सर्वत्र शांतता आहे."

"काठ पडला! डोह बुजणार!"

संदेश थेट प्रसारित होत होता. मुंगूस खंड्यामागे झाडावर चढलं, तेवढ्यात खंड्या दुसऱ्या झाडावर. सगळ्या जंगलानं पहिल्यांदा महाराजांचा संदेश शेवटपर्यंत ऐकला.

संदेश संपल्यावर महाराजांनी पिसारे सरांना विचारलं की हा आवाज पुसता येतो का. सरांचा घसा अजून बसलेला होता. त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं, महाराज, आपला माईक फार चांगला आहे. सगळं घेतो.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. आता खंड्याचं ऐकून घेतील असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही अजून लहान आहात. दरबारात काठाचा विषय निघाला नाही. डोहाचा निघाला नाही. अंड्याचा तर नाहीच. विषय एकच होता, खंड्याला गप्प कसं करायचं. मारावं असं एकानं सुचवलं. पण त्याच्याकडे ध्वनिभूषणाची माळ होती आणि ती महाराजांनीच दिलेली होती. शेवटी ससिणीची सासू उठली. तिची झोप पुन्हा उडाली होती.

"तो कशानं ओरडतोय ते बंद करा," म्हातारी म्हणाली. "म्हणजे तो बंद होईल. झोपू द्या की मेल्यांनो."

एवढी सोपी गोष्ट कोणाला सुचली नव्हती. महाराजांनी हुकूम काढला. खंड्याच्या बोगद्यापासून त्याचा आवाज पोचेल तिथपर्यंतचा सगळा नदीकाठ 'शांतता क्षेत्र' जाहीर. या क्षेत्रात उकरणं, उपसणं, सर्र करणं आणि टक् करणं बंद. 'कारण' या रकान्यात लिहिलं, 'चित्रीकरणात व्यत्यय'.

मुसंड्यांची टोळी निघून गेली. मुसंड्यांचं नुकसान झालं असेल म्हणून वाईट वाटून घेऊ नका. काठावर 'शांतता राखा' अशा पाट्या पुरायचं कंत्राट त्यांनाच मिळालं. पाट्या पुरायला खड्डे लागतात. खड्ड्यातून थोडी वाळू निघतेच.

काठ राहिला. थोडा वाकडा राहिला, पण राहिला. काही दिवसांनी बोगद्यात अंड्यांतून तीन पिल्लं बाहेर आली. उघडी, लालभडक आणि मूळच्या आवाजाची. त्यांनी पहिल्यांदा चोच उघडली तेव्हा समोरच्या काठावरचा बगळा पाण्यात पडला.

पिसारे सर मोठा माईक घेऊन बोगद्याच्या दाराशी आले. त्यांना पिल्लांचा पहिला आवाज घ्यायचा होता. नव्या मालिकेसाठी. सरांनी लिहून विचारलं, परवानगी आहे का?

निळी दारात येऊन बसली. मागे खुंटीवर कॉलर माईक लोंबत होता. एका पिल्लानं त्याची तार गांडूळ समजून ओढायला सुरुवात केली होती.

"घ्या की सर," निळी म्हणाली. "फक्त मागच्या फांदीवर आमचे हे बसतील."

सर माईक उचलून निघून गेले.

तात्पर्य : स्वस्तात चांगला माईक हवा असेल, तर तो विकत घेऊ नये. ज्याच्याकडे महागडा आहे त्याच्या मागच्या फांदीवर बसावं आणि घसा मोकळा करावा. आवाज मात्र गोड नसावा; गोड आवाजात खरं सांगितलं की लोकांना झोप लागते.